परतीच्या भाड्याचे कलम



ह्या व्याख्यानमालेत परदेशी राहून आलेल्या माणसांची व्याख्याने पुष्कळ झाली आहेत. कोणी वीस वर्षे अमेरिकेत काढून येतो, कोणी जर्मनीत. इथे उतरल्यावर त्याला गल्ली अरुंद वाटते, आई थकलेली दिसते, आणि आपण नक्की कोठले, हा प्रश्न त्याला पडतो. तो प्रश्न खोटा नव्हे. पण चिटणीसांनी 'अनेक वर्षांनी मायदेशी' हा विषय आमच्या गळ्यात घातला, तेव्हा आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले की, आमच्या ओळखीची माणसे निराळी आहेत. आमचा जन्म कामगारांचे करारनामे वाचण्यात गेला. परत येणे ही गोष्ट आम्हांस प्रथम भेटली ती करारातले एक कलम म्हणून. तिच्यातली हळहळ पुढे कळली.

इतिहास हा आमचा धंदा नाही, हेही सांगून ठेवतो. 1982 च्या संपात वडिलांची गिरणी बंद पडली आणि तिच्याबरोबर आमची शाळाही. पुढचे शिक्षण गिरणगावातल्या मोफत वाचनालयात झाले. तेथे पुस्तके जशी हाती लागली तशी वाचली. तेव्हा आमच्या बोलण्यात विद्वानांची शिस्त दिसणार नाही. कराराचे कागद कसे वाचावेत, एवढे मात्र आम्हांस येते.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत रत्नागिरी जिल्ह्यातला एक वेल्डर आला. आखातात सहा वर्षे काम करून तो नुकताच परतला होता. त्याच्या करारात लिहिले होते की, मुदत पुरी झाल्यावर परतीचे तिकीट मालकाने द्यावे. मुदत पुरी झाली. मालकाने तिकीट काढले खरे, पण त्याची रक्कम शेवटच्या पगारातून कापून घेतली, वर दोन महिन्यांचा ओव्हरटाइमही बुडवला. पासपोर्ट मालकाच्याच कपाटात असल्यामुळे विमानतळावर भांडण करण्याची सोय नव्हती. पत्रे लिहून, अर्ज करून दोन वर्षांनी आम्ही त्यास निम्मी रक्कम मिळवून दिली. पैसे घेताना तो म्हणाला, "दादा, पैशाचं जाऊ द्या. पण मी माझ्या घरी माझ्याच पैशानं आलो, असं त्यांनी करायला नको होतं." त्या वाक्याने आम्ही गिरमिटाच्या इतिहासाकडे वळलो.

गिरमिट म्हटले की आपल्याकडे सुताराच्या पेटीतले भोक पाडायचे हत्यार डोळ्यांपुढे येते. उत्तरेकडच्या मजुरांनी 'अ‍ॅग्रीमेंट' ह्या शब्दाचे गिरमिट केले आणि त्या करारावर गेलेला तो गिरमिटिया. दोन्ही गिरमिटे फिरत फिरत आत शिरतात, एवढे साम्य आम्हांस दिसते, असो. इंग्रजांच्या वसाहतींतून गुलामगिरी उठली तेव्हा उसाच्या मळ्यांस हात हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज 36 हिंदी मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरास लागले. 1838 च्या मे महिन्यात 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही जहाजे 396 जणांस घेऊन दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर ब्रिटिश गयानात पोहोचली. त्यामागून त्रिनिदाद, नाताळ, सुरिनाम, आणि 1879 मध्ये फिजी. एकट्या मॉरिशसला 1910 पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे गेली. त्यांत आमच्या कोकणातली, रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचीही होती. ती मुंबई बंदरातून चढली. मॉरिशसची पांढरी साखर मात्र मुंबईस उतरे, आणि जुनी माणसे तिला 'मोरस साखर' म्हणत. साखरेचे येणे ज्यांना ठाऊक होते, त्यांतल्या किती जणांस माणसांचे जाणे ठाऊक होते, कोण जाणे.

आता करार पाहू. फिजीचा नमुना घ्या. मुदत पाच वर्षे. रोज नऊ तास, शनिवारी पाच. मजुरी पुरुषास दिवसाला एक शिलिंग, बाईस नऊ पेन्स. पाच वर्षांनी स्वखर्चाने परत येण्यास मोकळीक. दहा वर्षे वसाहतीत काढल्यास परतीचे भाडे सरकारने भरायचे. ह्या शेवटच्या कलमावर जरा थांबले पाहिजे. भरतीचा दलाल खेड्यातल्या माणसाला जे सांगे त्यातले पुष्कळसे खोटे असे. बेट किती लांब आहे, काम काय आहे, हे तो सांगत नसे. पण 'परत आणून सोडतील' हे तो सांगे, आणि ते कागदावर होते. समुद्र ओलांडायला भिणारा माणूस ह्या एका वचनावर जहाजात पाय ठेवी. म्हणजे परतीचे भाडे ही मालकाची मेहेरबानी नव्हती. तो मजुरीचाच एक भाग होता, आणि दहा वर्षे मालकाकडे अनामत पडून राहिलेला होता.

आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांस एक अनुभव आहे. जे देणे लांबच्या तारखेचे, ते मालक सर्वांत उदारपणे लिहून देतो. ग्रॅच्युइटीसाठी कायद्याने पाच वर्षांची अट घातली, तेव्हा चौथे वर्ष भरता भरता नोकरी तुटलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. मळेवाल्यांनी परतीच्या भाड्याचे नेमके हेच केले. फक्त हे काम एकेका मजुराशी न करता त्यांनी वसाहतीच्या कायद्यांकरवी केले.

सुरुवातीस कलम पाळले गेले. 'व्हिटबी' आणि 'हेस्परस'मधून गेलेल्यांपैकी शंभराजवळ माणसे पाच वर्षांत मेली, साठच्या आसपास तेथेच राहिली, आणि उरलेली सव्वादोनशेवर माणसे 1843 मध्ये परत आणली गेली. मळेवाल्यांच्या मनात हिशेब सुरू झाला तो येथून. काम शिकलेला, हवा मानवलेला मजूर परत न्यायचा आणि त्याच्या जागी नवखा आणायचा, म्हणजे दोन्हीकडचे भाडे. त्यावर पहिला उपाय मॉरिशसने काढला: 1850 नंतर दोन-तीन वर्षांतच तेथे फुकट परतीचा हक्क काढून टाकला गेला. गयानात पाचाऐवजी दहा वर्षांची अट आली. त्रिनिदादमध्ये 1869 पासून गव्हर्नर गॉर्डन यांनी परतीच्या भाड्याऐवजी दहा एकर सरकारी जमीन देऊ केली. ह्या शेवटच्या गोष्टीस आम्ही नावे ठेवणार नाही. जमीन ही जमीन असते, आणि त्या दहा एकरांवर त्रिनिदादचा हिंदी शेतकरी उभा राहिला. पण सरकारचे जहाजभाडे वाचले, हेही तितकेच खरे. पुढे 1898 नंतर गयाना आणि त्रिनिदादला गेलेल्यांवर नवे बंधन आले: परतताना पुरुषाने निम्मे आणि बाईने एक-तृतीयांश भाडे स्वतः भरावे.

नाताळची गोष्ट उलटी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ह्या वसाहतीत पहिले गिरमिटिये 1860 च्या नोव्हेंबरात गेले. त्यांतले काही 1871 मध्ये 'रेड रायडिंग हूड' नावाच्या जहाजाने मद्रासला परतले, आणि उतरताच त्यांनी तक्रारी मांडल्या: फटके, बुडवलेली मजुरी, सगळे. ह्या तक्रारींमुळे 1872 मध्ये नाताळ सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. परत आलेला मजूर हा साक्षीदार असतो! तो परत न आला तर मळ्यातली गोष्ट मळ्यातच राहते. परतीच्या कलमाचे हे मोल आम्हांस भाड्याच्या रकमेहून मोठे वाटते. पुढे मात्र नाताळच्या गोऱ्यांस मुदत संपलेला मोकळा हिंदी माणूस डोळ्यांसमोर नको झाला. त्याने पुन्हा गिरमिट लिहावे, नाहीतर चालते व्हावे. त्यांनी डोईपट्टी मागितली पंचवीस पौंड. हिंदुस्थान सरकारने ती तीन पौंडांवर आणून 1895 मध्ये मंजूर केली. नवरा, बायको आणि दोन मुले असतील तर वर्षाला बारा पौंड. एकीकडे राहायचे म्हणून कर, आणि दुसरीकडे परत जायचे म्हणून भाडे. 1913 च्या ऑक्टोबरात न्यूकॅसलच्या कोळसा-खाणींतले मजूर ह्याच पट्टीविरुद्ध संपावर गेले आणि 1914 मध्ये ती रद्द झाली. ह्या संपाचे सारे श्रेय आपण गांधींच्या नावे लिहितो. गांधींचे श्रेय आहेच. पण बायकामुलांसह खाणीबाहेर पडून सरहद्द ओलांडायला पायी निघाले, ते खाणमजूर होते.

मळ्यांतून माणसे नेण्याचा हा धंदा थांबला तो हिंदुस्थानातल्या ओरडीने. 4 मार्च 1912 रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात गिरमिट बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांनी तो पडला. 1917 मध्ये निर्यात बंद झाली आणि 1 जानेवारी 1920 रोजी फिजीतली उरलेली गिरमिटे रद्द करण्यात आली. जे गेले होते त्यांतले मॉरिशसहून दीड लाखांहून थोडे अधिक परतले; फिजीला गेलेल्या साठ हजारांपैकी चोवीस हजारांच्या आसपास.

येथपर्यंत कागद. आता जी माणसे भाडे मिळवून, वा पदरचे पैसे घालून खरोखरच मायदेशी उतरली, त्यांचे काय झाले?

कलकत्त्याच्या दक्षिणेस हुगळीच्या काठी मटियाबुर्ज नावाची वस्ती आहे. राज्य गेलेला लखनौचा नवाब वाजिद अली शाह ह्याच वस्तीत दिवस काढीत 1887 मध्ये वारला. त्यालाही घरी परतता आले नाही. 1920 च्या पुढे ह्याच मटियाबुर्जात फिजीहून, गयानाहून, त्रिनिदादहून परतलेले गिरमिटिये झोपड्या करून राहू लागले. ही माणसे गावी गेली नव्हती असे नाही. जहाजातून उतरून ती आपापल्या जिल्ह्यात गेली. गाठीला चार पैसे, बायकोच्या अंगावर चांदी. गावाने पैसे ओळखले, माणूस ओळखला नाही. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त, जातीला जेवण, भावबंदांचे जुने कर्ज. चांदी संपली की प्रश्न निघे: ही बायको कोणत्या जातीची? वसाहतीला दर शंभर पुरुषांमागे चाळीसच बायका नेण्याचा नियम होता. तेथे जात पाहून लग्ने कशी होणार? मळ्यात झालेले लग्न गाव मानीत नसे. मुलांस गावची बोली येत नसे. मग आले तसे कलकत्त्यास परत, आणि बंदरावर जाऊन विनवणी: आम्हांला पुन्हा फिजीला पाठवा.

प्रायश्चित्त हा शब्द आम्ही सहज उच्चारला, पण त्याची किंमत माणसागणिक वेगळी असे. 1891 मध्ये गांधी बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा त्यांच्या वडील बंधूंनी त्यांस नाशकास नेऊन गोदावरीत स्नान घातले आणि राजकोटास जातीला जेवण दिले. त्यावर तोड निघाली. बॅरिस्टराच्या घरी ते परवडत होते. तेच जेवण घालण्यात गिरमिटियाची दहा वर्षांची शिल्लक संपे आणि तरी तोड निघत नसे. पुढे 1926 मध्ये ह्याच गांधींनी 'यंग इंडिया'त मटियाबुर्जच्या लोकांविषयी लिहिले. भवानी दयाल संन्यासी, जे स्वतः एका गिरमिटियाचे जोहान्सबर्गला जन्मलेले चिरंजीव होते, आणि बनारसीदास चतुर्वेदी ह्या दोघांनी परतलेल्यांची हकीकत तपासून 1931 मध्ये अहवाल काढला. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने 1927 च्या करारानंतर मोठ्या माणसास वीस पौंड आणि फुकट जहाज देऊन हिंदी लोकांना 'मायदेशी' धाडण्याची योजना चालवली होती. त्यांतल्या कित्येकांचा जन्मच आफ्रिकेतला. मायदेश त्यांनी पाहिलेला नव्हता. आणि तीन वर्षांत परतले नाहीत तर तिकडचा हक्कही बुडे. त्रिनिदादचे लेखक व्ही. एस. नायपॉल यांनी नोंदवून ठेवले आहे की, 1932 मध्ये 'गंगेस' नावाचे जहाज तेथल्या माणसांना घेऊन कलकत्त्यास लागले, तेव्हा आधी परतलेल्या शेकडो दरिद्री लोकांनी त्याच जहाजावर धाव घेतली; त्यांना त्रिनिदादला परत जायचे होते.

मळेवाल्यांना ह्याचा आनंद झाला. पाहा, ते म्हणू लागले, आमच्या मळ्यांत इतके सुख होते की माणसे परत यायला रडतात. आपल्याकडच्या काही सुशिक्षितांसही ते पटले. आम्हांस ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठी घरची गोष्ट सांगावी लागेल.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दोन-तीन महिन्यांत खोलीचे भाडे थकले, तेव्हा वडील आम्हां सर्वांस घेऊन गावी गेले. आमचे वडील गणपतीला आणि शिमग्याला गावी जात तेव्हा वेशीपासून पोरे सामान घ्यायला धावत. चाकरमानी आला म्हणून पडवीत गर्दी होई. देवळाच्या वर्गणीत त्यांचे नाव वरचे. त्या वर्षीही पहिले आठ दिवस तसेच गेले. मग पाऊस लागला. चुलत्यांच्या बोलण्यात एक दिवस आले की, तुमची खोली मुंबईला आहे ना? काकू भाकऱ्या मोजून टोपलीत ठेवू लागल्या. त्यांचेही काय चुकले, भात तेवढाच आणि तोंडे सहा वाढलेली. वडिलांना नांगर धरता येत नव्हता असे नाही, पण पंचवीस वर्षे सूत काढलेल्या माणसाच्या पायांना चिखलाची सवय राहिली नव्हती. लोक पाठीमागे हसत. 1983 च्या उन्हाळ्यात ते एकटे मुंबईस परत गेले आणि एका गोदामावर रात्रीचे राखणदार झाले. मेहुण्याला त्यांनी एवढेच सांगितले, "तिथं निदान माझं काम काय आहे ते लोकांना ठाऊक आहे."

आता कोणी म्हणेल काय, की आमच्या वडिलांना गिरणीच्या मालकाचे प्रेम होते म्हणून ते परत गेले? मटियाबुर्जचा माणूस जहाजासाठी हात जोडत होता, तो मळ्याची स्तुती करीत नव्हता. ज्या ठिकाणी त्याच्या हातांस किंमत होती, ज्या ठिकाणी त्याच्या बायकोला लोक त्याची बायको म्हणत, त्या ठिकाणी तो जायला मागत होता. अन्याय दोन्हीकडचा होता. मळ्याने त्याची दहा वर्षे घेतली, आणि त्या दहा वर्षांत गावाने त्याची जागा वाटून घेतली. मळ्यावर आमच्या चळवळीने पुष्कळ लिहिले आहे. गावावर लिहिताना आमचा हात अडखळतो, कारण तेथे आमचीच भावकी बसलेली असते.

फिजीहून आलेल्यांपैकी काहींना 1921 मध्ये पुन्हा तिकडे जाता आले. आणि तरीही कलम जिवंत होते. गयानाहून परतीचे शेवटचे जहाज 'रिसर्जंट' हे 1955 च्या सप्टेंबरात निघाले. निर्यात बंद होऊन अडतीस वर्षे झाली होती. इंग्रज जाऊन आठ. तारुण्यात अंगठा दिलेली माणसे म्हातारी होऊन, आपला हक्क दाखवून, स्वतंत्र हिंदुस्थानकडे निघाली. ज्यांनी पुढचे-मागचे सारे ऐकले होते, त्यांनीही जहाजात पाय ठेवला. त्यांस मूर्ख म्हणावे असे आम्हांस कधी वाटले नाही. लिहून दिलेले देणे वसूल करावे, मग त्याचे काही होवो, हा कामगाराचा स्वभाव आहे.

मॉरिशसची एक हकीकत सांगून आम्ही आपली रजा घेऊ. तेथे मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण; प्रत्येकास एक क्रमांक. 2024 च्या मार्चमध्ये भारत सरकारने जाहीर केले की, मॉरिशसमधल्या सातव्या पिढीच्या वंशजासही येथल्या परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड मिळू शकेल. तेव्हापासून अशा जुन्या नोंदींना निराळेच मोल आले आहे. त्याच्या आधीची गोष्ट. ब्लॅक रिव्हर भागातले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी अशा नोंदीची नक्कल घेऊन आमच्या जिल्ह्यात आले होते. कोणीतरी त्यांस आमचा पत्ता दिला. बाईंना मराठी येत होते, ते आरतीचे आणि भजनाचे. चहा घेता का, हे त्यांना क्रिओलमध्ये विचारावे लागे आणि आम्हांस क्रिओल येत नाही, म्हणून हाताने विचारले. नकलेवर गावाचे नाव गोऱ्या कारकुनाने ऐकून लिहिलेले. राजापूर तालुक्यातल्या वाडीवाडीतून आम्ही दोन दिवस फिरलो. तीन गावांचा उच्चार त्या अक्षरांशी जुळत होता. एका गावात त्यांना नारळ दिला, दुसऱ्यात एका म्हाताऱ्याने सरळ विचारले, "जमिनीत हिस्सा मागायला आलात का?" बाईंना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

निघण्याच्या आदल्या रात्री गुरुजींनी दुसरी नक्कल काढली. ती त्यांच्या पणजोबांच्या धाकट्या भावाची होती. दोघे भाऊ एकाच जहाजाने गेलेले, क्रमांक लागोपाठचे. पणजोबांच्या नोंदीत शेवटी मृत्यूची तारीख. धाकट्याच्या नोंदीत लिहिलेले होते: मुंबईस परत, स्वखर्चाने. फुकट परतीचा हक्क तोवर गेला होता. म्हणजे त्याने भाड्याचे पैसे कित्येक वर्षे साठवले असणार. त्या तीनही गावांत असा कोणी मोरसहून आल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. घराण्यात नाव नाही, देवळाच्या वहीत नाही, एखाद्या विहिरीला वा आंब्याला असते तसेही नाही. जहाजातून मुंबईच्या धक्क्यावर तो उतरला, एवढे इंग्रजाचे पुस्तक सांगते.

गुरुजी परत गेले. जाताना दोन्ही नकला आमच्याकडे ठेवून गेले. रजेच्या दिवशी आम्ही मुंबईच्या पुराभिलेखागारात जातो आणि त्या वर्षांत मॉरिशसहून आलेल्या जहाजांचे कागद मागवतो. अद्याप दोन वर्षांचे कागद पाहून झाले आहेत, आणि लागोपाठच्या क्रमांकांतला धाकटा क्रमांक आम्हांस सापडलेला नाही.